पटायाच्या बारमधल्या बायकांशी मैत्री करायला नवापूरहून सहा जण निघालेत, आधी काय बघावं?

नवापूर_महिला_संघ

सगळ्यांना जय ख्रिस्त. नवापूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीला मुंबईच्या एका संस्थेचं बोलावणं आलंय. थायलंडमध्ये पटायाला 14 दिवसांची टीम न्यायची, संध्याकाळी बारमध्ये जाऊन तिथं काम करणाऱ्या बायकांशी मैत्री करायची, प्रार्थना करायची, सुवार्ता सांगायची. चार बाया आणि दोन तरुण असे सहा जण तयार आहेत. माणशी 85 हजार सांगितलेत. पत्रात "मैत्रीतून सेवा" एवढंच लिहिलंय, रोज नेमकं काय करायचं त्याचा पत्ता नाही.

पाळकसाहेबांचं म्हणणं, आपल्याकडेही परदेशी मिशनरी आले, दवाखाने-शाळा काढल्या, आता आपण जायची पाळी आहे. मंडळीतल्या काही जुन्या बायांना मात्र हे पटत नाही. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं: बारमध्ये जाऊन करतात काय, पैसा कुठे लागतो, कायद्याचं काय, आणि चुकतं कुठे? उपदेश नको, माहिती हवी.

तापीकाठ

ताई, पहिली गोष्ट. 14 दिवसांत मैत्री होत नाही, ओळख होते. मैत्री तिथं राहणाऱ्या बायांची असते, ज्या थाई बोलतात आणि त्याच बारमध्ये वर्षानुवर्षं दर आठवड्याला जातात. बाहेरून आलेली टीम त्यांच्या हाताखाली गेली तर थोडी उपयोगी, स्वतंत्र गेली तर उपद्रवी. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हा विचारा: पटायात तुमची कायम राहणारी कोण आहे, किती वर्षं आहे, आणि आम्ही परत आल्यावर त्या बायांना पुढे कोण भेटणार? नाव-गाव सांगता आलं नाही तर पुढचं वाचूच नका.

आता रोजचं काम. पटायात तीन तऱ्हेचे बार धरा. रस्त्याला उघडे असतात ते बीअर बार: लाकडी काउंटर, उंच स्टुलं, पूल टेबल. आतल्या बंद हॉलमध्ये मोठ्या आवाजात गाणी आणि मंचावर नाच, तो गो-गो बार. तिसरा कराओके, तिथं गिऱ्हाईक बहुतेक थाई. या सेवेला फक्त पहिला प्रकार सोयीचा. गो-गो बारमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि कराओकेत अनोळखी बाई शिरली की मालक आधी पोलीस समजतो.

वेळ संध्याकाळी सात ते नऊ. गिऱ्हाईक कमी असतं, बायका मेकअप करत, जेवत, मोबाईल बघत बसलेल्या असतात. दहानंतर बसायचं नाही, ती तिच्या कमाईची वेळ. एका बारला जास्तीत जास्त तीन बाया, अर्धा-पाऊण तास. आत गेल्यावर आधी मामासानला नमस्कार, म्हणजे बायकांवर देखरेख ठेवणारी मोठी बाई. तिला टाळून थेट मुलींशी बोलायला लागलात की दुसऱ्या दिवशी दार बंद.

आणि मुख्य गोष्ट: तिचा वेळ विकत घ्यावा लागतो. बारमध्ये "लेडी ड्रिंक" असतं. गिऱ्हाईक तिच्यासाठी पेय मागवतं, बिलात साधारण 150 ते 250 बाथ लागतात आणि त्यातला ठरलेला वाटा तिच्या नावावर जमा होतो. बऱ्याच बारमध्ये महिन्याला इतकी ड्रिंक्स झालीच पाहिजेत असा कोटा असतो, कमी पडली की पगारातून कापतात. तुम्ही तासभर तिला बोलण्यात गुंतवून एक कोकाकोला पिऊन उठलात तर तुमच्या सेवेची किंमत तिनं भरली. ड्रिंक म्हणजे दारूच असं नाही, ती कोला किंवा सरबतही मागवू शकते, वाटा तोच मिळतो.

हिशोब असा: तीन बाया, रात्री दोन बार, प्रत्येक बारमध्ये दोन लेडी ड्रिंक्स 200च्या भावानं म्हणजे 400, तुमचे तीन सोडे 80 प्रमाणे 240. एका बारला 640, दोनला 1,280 बाथ. दहा संध्याकाळी धरल्या तर एका गटाचे 12,800. बाथ आपल्या अडीच-तीन रुपयांच्या आसपास असतो, म्हणजे पस्तीस हजार रुपये बाजूला ठेवा. तुमच्या 85 हजारांत हे धरलंय का ते विचारा. बहुतेक टीमा तिकीट आणि हॉटेल धरतात, हे विसरतात, आणि मग बारमध्ये एका बाटलीवर चौघी बसतात.

पिंपळनेर_भो

दोन तरुणांचं काय? ते बारच्या बाहेर उभे राहून प्रार्थना करणार म्हणे?

तापीकाठ

भो, ते नकोच. पटायात एकटादुकटा पुरुष बारबाहेर उभा राहिला की तो गिऱ्हाईक. तिथं भारतीय पर्यटक पुरुष मोठ्या संख्येनं येतात, गटानं येतात, भावात घासाघीस करतात म्हणून बारवाल्यांच्या मनात त्यांची एक प्रतिमा पक्की आहे. आपले दोघे पोरं त्याच प्रतिमेत बसणार. फोटोत दिसले तर गावात वेगळीच बोंब. पुरुषांनी आत जायचं नाही, बायांच्या फोन नंबरांना हात लावायचा नाही, एवढे दोन नियम चांगल्या संस्थांत लेखी असतात. दोघांची तिकिटं रद्द करून तो पैसा लेडी ड्रिंक्सच्या खात्यात घाला.

भारतीय बाई बारमध्ये आली की उलट कुतूहल असतं. कपाळ, केस, साडी, सगळ्यावर विचारतात. बोलणं आपोआप सुरू होतं.

सातपुडा_वाटसरू

कायद्याबद्दल. हे हलक्यात घेऊ नका.

थायलंडमध्ये परदेशी माणसानं विनापगारी काम केलं तरी वर्क परमिट लागू शकतं. परवान्याशिवाय काम केल्यास परदेशी व्यक्तीला 5,000 ते 50,000 बाथ दंड आणि देशाबाहेर रवानगी अशी तरतूद आहे. धर्मकार्यासाठी वेगळा व्हिसा असतो, नॉन-इमिग्रंट आर, आणि तो सरकारमान्य धर्मसंस्थेच्या शिफारशीनं मिळतो. तिथं ख्रिस्ती गटांपैकी पाचच अधिकृत मान्यतेचे आहेत: रोमन कॅथलिक, चर्च ऑफ ख्राईस्ट इन थायलंड, इव्हँजेलिकल फेलोशिप, बाप्टिस्ट आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. तुमची संस्था यांपैकी कोणाच्या छत्राखाली काम करते ते कागदावर मागा.

पर्यटक म्हणून जाऊन बारमध्ये बसून गप्पा मारायला कोणाची हरकत नाही. पण बॅनर लावून इंग्रजीचे वर्ग घेणं, पत्रकं वाटणं, शिवणवर्ग चालवणं हे पर्यटकाचं काम नव्हे. विमानतळावर "कशासाठी आलात" विचारलं तर खोटं बोलायची पाळी येणार असेल तर योजनाच चुकलीये. तिथं पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, मे 2025 पासून कागदी नाही. भारतीयांच्या व्हिसा-सवलतीचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवरच बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका.

देहविक्रय तिथं 1996च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तरी रस्ताभर उघड चालतो. म्हणून कागदावर ती "वेट्रेस" किंवा "होस्टेस" असते. तुम्ही तिच्या कामाबद्दल इंग्रजीत चारचौघांत प्रश्न विचारलात तर ती गुन्हा कबूल करत असते. विचारायचंच नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल.

बुद्धमूर्तीबद्दल, भिक्खूंबद्दल, राजघराण्याबद्दल थट्टेनंही बोलायचं नाही. राजघराण्याच्या अवमानाला तिथं 3 ते 15 वर्षं तुरुंगवास आहे. बारच्या कोपऱ्यात देव्हारा असतो, पुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली असते, ती मूर्तिपूजा म्हणून तिथंच व्याख्यान देणारे महाभाग असतात. अशांना घरीच ठेवा.

पैशाचं एक: मंडळीच्या नोंदणीकृत ट्रस्टमधून परदेशात खर्च केला तर तो आयकरात धर्मादाय खर्च म्हणून सहसा धरत नाहीत. सीएला विचारल्याशिवाय ट्रस्टच्या खात्यातून तिकिटं काढू नका. ज्याचं त्यानं वैयक्तिक भरावं.

अमळनेरची_शिक्षिका

मी ख्रिस्ती नाही, पण स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करते म्हणून लिहिते. धर्म बाजूला ठेवते. पटायाच्या बारमधली बाई कुठून येते ते समजलं तर निम्मी चूक टळेल.

त्यातल्या खूप जणी ईशान्य थायलंडच्या, त्या भागाला इसान म्हणतात. उदोन थानी, खोन केन, बुरिराम वगैरे. भातशेती, पाऊस बेभरवशाचा, कर्ज. म्हणजे आपला धडगाव-अक्कलकुवा समजा, जिथून माणसं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही हे खान्देशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथली उचल सावकाराची असते. कायद्यानं व्याजाची मर्यादा वर्षाला 15 टक्के, पण खाजगी सावकार महिन्याला शेकडा दहा-वीस घेतात. तिच्या आईकडे तिचं पोर असतं, पोराचा बाप बहुधा निघून गेलेला, आणि दर महिन्याला ती घरी पैसे पाठवते. आईबापाचे उपकार फेडणं हे थाई मुलीचं कर्तव्य समजतात, त्याला "बुनखुन" म्हणतात. त्यामुळे "तू पापात आहेस" हे वाक्य तिला कळतच नाही. तिच्या हिशोबानं ती पुण्य करत्येय, आईचं घर बांधत्येय.

दुसरं म्हणजे सगळ्याच जणी पळवून आणलेल्या नसतात आणि सगळ्याच राजीखुशीनं आलेल्या नसतात. यात फरक करायला शिका. थाई बाई सहसा बार बदलू शकते, गावी जाऊ शकते. लाओस, म्यानमार, उझबेकिस्तान, युगांडाहून आणलेल्या बाईचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असण्याची शक्यता जास्त. तिला बाहेर काढायला तुम्ही सहा जण पुरे नाही. पासपोर्ट काढून घेतलाय, एकटीला बाहेर जाऊ देत नाहीत, वय 18 खालचं वाटतं, असं काही दिसलं तर तिच्याशी तिथं बोलू नका, फोटो काढू नका. बारचं नाव आणि गल्ली लक्षात ठेवा, तुमच्या तिथल्या कायमच्या माणसाला सांगा. सरकारची मदत लाइन 1300 आहे. धाड पडली की सगळ्याच बायका उचलल्या जातात, परदेशी असेल तर निवारागृहात महिनोन्‌महिने ठेवून घरी पाठवतात, कर्ज तसंच डोक्यावर.

एम्पॉवर नावाची थाई संस्था आहे, 1985 पासून, बँकॉकच्या पॅटपाँग या बारवस्तीतून सुरू झालेली. तीही बारमधल्या बायकांना इंग्रजी शिकवत आली, पण "सुटका" हा शब्दच त्यांना मान्य नाही. हक्क, आरोग्य, कामाच्या अटी यांवर त्या बोलतात. जायच्या आधी त्यांचं म्हणणं वाचा. पटलं नाही तरी वाचा.

तापीकाठ

शिक्षिकाबाईंचं बरोबर शे. त्यात एक जोडतो, कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो: नोकरीचं आश्वासन.

बार सोडणाऱ्या बायकांसाठी ख्रिस्ती संस्थांनी कामं काढली आहेत. बँकॉकमध्ये नाइटलाइट 2005 पासून दागिने बनवण्याचं काम देते, इतर ठिकाणी बेकरी, शिवण, केशकर्तन असतं. कल्पना चांगली. पण आकडे मांडा. थायलंडचं किमान वेतन 2025च्या सुरुवातीपासून प्रांतानुसार दिवसाला 337 ते 400 बाथ. 26 दिवस 400 प्रमाणे भरले तर 10,400. खोलीभाडं, जेवण, गावी पाठवायचे, सावकाराचा हप्ता यांत ते पुरत नाही. म्हणून बाई मोठ्या मनानं बार सोडते आणि तीन-चार महिन्यांत परत जाते, तिला पाप आवडतं म्हणून नव्हे, हप्ता चुकला म्हणून. तिच्यापुढे आधी वही घेऊन बसणारी बाई लागते: कर्ज किती, कोणाचं, व्याज काय, पोराची फी कधी. ते काम तिथं कायम राहणारी बाईच करू शकते.

तुम्ही स्वतः कोणालाही "नोकरी मिळवून देऊ" म्हणू नका. रोख पैसे हातात देऊ नका. पुढची टीम आली की तीच अपेक्षा धरून बसतात, आणि बारमधल्या बाकीच्या मैत्रिणींत भांडणं लागतात.

संस्थेला विचारायचे आणखी प्रश्न: कामाच्या जागी प्रार्थना सक्तीची आहे का? प्रार्थनेला नाही बसली तर दिवसाचे पैसे कापता का? सामाजिक सुरक्षा योजनेत तिचं नाव भरता का? ती बारमध्ये परत गेली तर पुन्हा घेता का? माझ्या मते पोटाला बांधून घेतलेला बाप्तिस्मा प्रभूलाही नको असेल. इथं उत्तर गुळमुळीत आलं तर जाऊ नका.

नवापूर_महिला_संघ

मनापासून आभार. तरुणांना थांबवायचं आम्ही ठरवतोय. दोन शंका आहेत. एक, रविवारी त्या बायकांना तिथल्या उपासनेला बोलवायचं असं पत्रात आहे, ते जमतं का? दोन, परत आल्यावर मंडळीत अहवाल द्यावा लागेल, फोटो दाखवावे लागतील, त्याशिवाय लोक दान देत नाहीत.

पिंपळनेर_भो

रविवारची उपासना किती वाजता? नऊला असेल तर विसरा. पटायात बार पहाटे चारपर्यंत चालू ठेवायला डिसेंबर 2023 पासून परवानगी आहे. ती पाचला झोपते. दुपारी दोनला जेवायला बोलवा, त्याचा उपयोग होईल.

सातपुडा_वाटसरू

आणि "येते" म्हणाली म्हणून येईलच असं नाही. थाई लोकांत "क्रेंग जाय" म्हणून प्रकार आहे, समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून भिडेपोटी हो म्हणायचं. आपल्याकडे "बघू, येऊ की" म्हणतात ना, तेच. तिनं फसवलं असं समजून रुसू नका, आणि पुढच्या वेळी "का आली नाहीस" हे तर मुळीच विचारू नका. दहा जणींना बोलावलं, दोन आल्या तर चांगला दिवस.

एप्रिलच्या 13 ते 15ला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, तेव्हा बऱ्याच जणी गावी जातात, त्या आठवड्यात टीम नेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पर्यटकांचा हंगाम, बोलायला वेळ नाही. मे ते ऑक्टोबर गिऱ्हाईक कमी, गप्पांना वेळ भरपूर, पण त्यांची कमाईही तेव्हाच पडते, म्हणून ड्रिंक्सला हात आखडू नका.

अमळनेरची_शिक्षिका

फोटोंबद्दल मी लिहिते, कारण यावर मला राग येतो.

फोटो काढायचाच नाही. चेहरा धूसर करूनही नाही, पाठमोराही नाही. गावात तिनं आईला "हॉटेलात काम करते" असं सांगितलेलं असतं. तुम्ही फेसबुकवर ठिकाणासह टाकलेला फोटो तिच्या मावशीच्या मुलापर्यंत जायला एक संध्याकाळ पुरते, तुम्हाला वाटतं नवापूरच्या बाहेर कोण बघतंय. थायलंडमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही जून 2022 पासून लागू आहे. प्रार्थनापत्रात नाव बदललं पण "लाल केसांची, सहा नंबरच्या गल्लीतली, दोन मुलांची आई" असं लिहिलं तर नाव बदलून काय उपयोग?

मंचावर उभं करून साक्ष द्यायला लावणं त्याहून वाईट. जिनं काम सोडून दोन वर्षंही झाली नाहीत तिला प्रत्येक पाहुण्या टीमपुढे तोच भूतकाळ सांगायला लावला की तिची नवी नोकरी तीच होऊन बसते. अहवालात तुम्ही काय केलंत ते सांगा: किती संध्याकाळी गेलात, किती पैसे खर्च झाले, काय चुकलं. त्यावर दान मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी ठीक.

जळगाव_केळीवाला

मधेच एक विचारतो. परदेशात कशाला? आपल्या महामार्गावर, मुंबई-नाशिककडे ऑर्केस्ट्रा बार नाहीत का?

अमळनेरची_शिक्षिका

आहेत, आणि त्याचा धडा इथं कामाचा आहे. महाराष्ट्रानं 2005 मध्ये डान्स बार बंद केले. हायकोर्टानं 2006 मध्ये ती बंदी रद्द ठरवली, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये तेच कायम केलं, मग 2016चा नवा कायदा आला आणि जानेवारी 2019 मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी कोर्टानं सैल केल्या. या चौदा वर्षांत बायका घरी बसल्या नाहीत. काही जणी देहविक्रयात ढकलल्या गेल्या, काही आखाती देशांतल्या बारकडे गेल्या. दार बंद केल्यानं कर्ज मिटत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि हो, ही "मैत्री सेवा" कोणी दुबईला न्यायची म्हटलं तर साफ नाही म्हणा. तिथं मुसलमानांत धर्मप्रचार हा गुन्हा आहे, आणि बारमधली भारतीय बाई मालकाच्या व्हिसावर असते. तुमची एक भेट तिला महागात पडेल.

तापीकाठ

केळीवाले भाऊ, प्रश्न रास्त आहे. फिलिपिन्सबद्दलही अशीच चूक होते म्हणून सांगतो. एंजेलिस सिटीत क्लार्क हा अमेरिकी हवाई तळ 1991 मध्ये बंद झाला, बार राहिले. तिथल्या बायका बहुतेक कॅथलिक, गळ्यात क्रूस, पर्समध्ये जपमाळ. त्यांना "येशू माहीत आहे का" विचारणाऱ्या टीमा जातात! देश बदलला की सगळं बदलतं.

ताई, पाळकसाहेबांना योहानाच्या चौथ्या अध्यायाची आठवण करून द्या. विहिरीवर येशूनं शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागितलं, उपदेश नंतर. बारमध्येही तिच्याकडून काहीतरी घ्या. थाई शिकवायला सांगा, कनेक्ट फोर (चार सोंगट्या ओळीत लावायचा खेळ) खेळायला सांगा, ती जिंकेल. बहुतेक बारच्या काउंटरवर तो खेळ आणि लाकडी ठोकळ्यांचा जेंगा असतोच. मोठीला "पी", लहानीला "नाँग" म्हणायचं, म्हणजे आपलं आक्का आणि बहिणी. खरं नाव विचारायचं नाही, तिचं टोपणनाव असतं: लेक, नोक, नोई असं काहीतरी, तेच वापरायचं. वाक्याच्या शेवटी बायांनी "खा" लावायचं. आणि एक वाक्य पाठ करूनच जा: "किन खाव रु यांग?" म्हणजे भात खाल्लास का? आपलं "जेवन व्हयनं का?" जसं, तसंच ते. हाल विचारायला तिथंही हेच विचारतात.

डोक्याला हात लावून प्रार्थना करायची सवय असेल तर सोडा. थाई माणसाचं डोकं पवित्र, परक्यानं हात लावणं अपमान. पाय तिच्याकडे किंवा देव्हाऱ्याकडे करून बसायचं नाही.

नवापूर_महिला_संघ

चौघींनी मिळून संस्थेला वरचे सगळे प्रश्न लेखी पाठवायचं ठरवलंय. उत्तर आल्यावरच पैसे भरणार. शेवटचं एक: महिला संघ भेटवस्तू म्हणून काचेच्या बांगड्या आणि थाई भाषेतली नव्या कराराची पुस्तकं द्यायची म्हणतोय. चालेल?

पिंपळनेर_भो

बांगड्या नको. मापं जुळत नाहीत, आणि काउंटरवर काच फुटली की झाडत बसा. पुस्तक पहिल्या भेटीत नको, तिनं मागितलं तर तिथली बाई देईल. दोऱ्याची विणलेली छोटी पर्स द्या, सुट्टे पैसे ठेवायला कामी येते. वर क्रूस विणू नका.

जळगाव_केळीवाला

आमचे केळीचे वेफर्स न्या, बंद पाकिटातले. तिकडेही करतात ते लोक, गोड पाकातले. चवीवरून वाद निघेल, तेवढाच अर्धा तास बोलणं.